यंत्र ग्राहकाचें, वेग परवान्याचा

बाजारांतून एकादी वस्तु विकत आणली म्हणजे तिच्या अंगीं जेवढें सामर्थ्य असेल तेवढें सर्व घेणाऱ्याच्या मालकीचें झालें, अशी सामान्य समजूत असते. जातें आणलें कीं त्यावर हवें तितकें दळावें, कंदील आणला कीं त्याची वात हवी तितकी वर करावी. परंतु संगणकांचीं जाळीं जोडणाऱ्या यंत्रांस हा साधा न्याय नेहमींच लागू पडत नाहीं. तेथें यंत्र घरीं येतें, त्याचे पैसे चुकते होतात, आणि तरीही त्याच्या एका भागाचा वेग निराळ्या परवान्यावांचून मोकळा होत नाहीं. हा प्रकार काय आहे, आणि त्यांत ग्राहकानें कोणती सावधगिरी बाळगावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेणें इष्ट. कचेरी, महाविद्यालय किंवा इस्पितळ यांतील शेंकडों संगणक एकमेकांशीं बोलतात ते 'स्विच' नांवाच्या पेटीमार्फत. दिव्याच्या बटणाशीं या स्विचाचा कांहीं संबंध नाहीं. पेटीच्या दर्शनी भागावर तारा खोवण्यासाठीं जीं द्वारें असतात त्यांस 'पोर्ट' म्हणतात. एक पेटी अपुरी पडूं लागली म्हणजे अनेक पेट्या एकीवर एक रचून आपसांत जोडतात. या रचनेस 'स्टॅक' अशी संज्ञा आहे. मराठी गृहिणी तिला उतरंड म्हणेल. मात्र मडक्यांच्या उतरंडींत प्रत्येक मडकें आपापलें धान्य सांभाळतें. येथें एक पेटी मुख्य असते, दुसरी तिची जागा घेण्यास सज्ज असते, आणि बाकीच्या मुख्य पेटीच्या आज्ञेंत चालतात. व्यवस्थापकास सारी उतरंड एकच यंत्र म्हणून दिसते.

आतां वेगाविषयीं. एका सेकंदांत एक अब्ज बिट वाहून नेणारा पोर्ट तो १ गिगाबिटचा, व दसपट नेणारा तो १० गिगाबिटचा. १०० गिगाबाइटचा दप्तरसंग्रह, म्हणजे ८०० गिगाबिट, पहिल्यांतून जावयास उत्तम परिस्थितींतही ८०० सेकंद, म्हणजे १३ मिनिटें २० सेकंद लागतील. दुसऱ्यांतून तेंच काम ८० सेकंदांत उरकेल.

अमेरिकेंतील ब्रोकेड कंपनीचा 'आयसीएक्स ६६१०' हा स्विच या प्रकाराचें चांगलें उदाहरण आहे. त्याच्या दर्शनी भागावर वेगवान जोडणीसाठीं आठ पोर्ट असत. आठांचीही घडण १० गिगाबिटची. परंतु परवाना नसतांना ते १ गिगाबिटनेंच चालत. एक परवाना घेतला म्हणजे चार पोर्ट १० गिगाबिटला मोकळे होत, दुसरा घेतला म्हणजे उरलेले चार. त्यासाठीं पेटी उघडावी लागत नसे, नवा भाग बसवावा लागत नसे. परवाना म्हणजे एक लहानशी संगणकीय फाईल. ती आंत घातली कीं सॉफ्टवेअरचें कुलूप निघालें.

ही फाईल प्रत्येक पेटीच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशीं बांधलेली असे. त्यामुळें उतरंड एकच यंत्र म्हणून दिसत असली तरी परवाना पेटीगणिक निराळा लागे. मुख्य पेटीजवळ तो आहे एवढ्यावरून इतरांचें काम भागत नसे. समजा, एका इस्पितळांत चार पेट्यांची उतरंड आहे, आणि रात्रीं त्यांतील एक पेटी जळाली. शिलकी पेटी तत्काळ तिच्या जागीं बसविली. जात तीच, आकार तोच. पण तिच्यापाशीं परवाना नाहीं. पलीकडचें टोंक १० गिगाबिटनें बोलत आहे व हा पोर्ट १ गिगाबिटवर अडकलेला आहे. प्रकाशतंतूच्या अशा जोडणींत दोन्ही टोंकांचा वेग जुळला नाहीं तर वेग नुसता घटत नाहीं, बहुधा जोडणीच होत नाहीं. रोग्यांचीं क्षकिरण-चित्रें ज्या मार्गानें जावयाचीं तो मार्गच बंद! बिघाड यंत्राचा नव्हे, कागदपत्रांचा. पण परिणाम तोच.

मग कंपन्या असें कां करतात? केवळ लोभ म्हणून हा प्रश्न निकालांत काढणें योग्य होणार नाहीं. एकच पेटी लाखांनीं घडविणें हें दोन निराळ्या पेट्या घडविण्यापेक्षां पुष्कळदां स्वस्त पडतें. लहान शाळेस आज थोडक्यांत काम भागवितां येतें, व गरज वाढली तर पेटी न बदलतां वेग वाढवितां येतो. सिस्को कंपनीच्या '४३३१' या राउटरचा वेगही याच रीतीनें परवान्याच्या जोरावर १०० वरून ३०० मेगाबिटवर जात असे.

ही युक्ति संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच अभियंता व अर्थशास्त्रज्ञ झ्यूल द्युपुई यानें १८४९ सालींच आगगाडीच्या बिनछपराच्या डब्यांविषयीं लिहितांना दाखविलें कीं, गरिबास त्रास द्यावा हा त्यांतील हेतु नसून, पैसे देऊं शकणाऱ्यानें खालच्या वर्गांत बसूं नये हा होता. १९९० सालीं आयबीएम कंपनीनें मिनिटास १० पानें छापणाऱ्या यंत्राची स्वस्त आवृत्ति काढली ती मिनिटास ५ पानें छापी, आणि ती सावकाश चालावी म्हणून तींत मुद्दाम जादा भाग बसविला होता. रेमंड डेनेकेर व प्रेस्टन मॅकअफी या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं अशा मालाचा अभ्यास करून दाखविलें कीं, विशिष्ट परिस्थितींत यांत विकणारा व सर्व घेणारे या साऱ्यांचाच लाभ होऊं शकतो.

तथापि डब्याचें छप्पर तिकीट काढण्यापूर्वींच दिसत असे. परवान्याचें कुलूप दिसत नाहीं. शिवाय किल्ली ज्याच्या हातीं तो विक्रेता कायम राहीलच असें नाहीं. आयसीएक्स यंत्रांचा धंदा २०१७ सालीं ब्रोकेडकडून आरिस कंपनीकडे गेला, आणि २०१९ सालीं आरिस कॉमस्कोपनें घेतली. ग्राहकाची पेटी जागच्या जागीं राहिली. तिची किल्ली देणारें दार मात्र दोन वर्षांत दोनदां बदललें. जुन्या बाजारांत पेटी घेणाऱ्यास तर पूर्वींच्या मालकाचा परवाना लाभेलच याची हमी नसते.

यास्तव अशी उतरंड उभारणाऱ्या संस्थेनें खरेदीपूर्वीं तीन प्रश्न लेखी विचारावे. कोणता पोर्ट परवान्याविना किती वेगानें चालतो? परवाना पेटीगणिक लागतो काय? आणि पेटी निकामी झाली तर तो दुसरीवर नेतां येतो काय, व किती काळांत? शिलकी पेटी ठेवावयाची तर तिचा परवानाही आधींच ठेवावा, आणि फाईलींच्या प्रती पावत्यांबरोबर जपून ठेवाव्या. घर विकत घेतांना आंतील एका खोलीस कुलूप असेल, व किंमत त्या मानानें कमी असेल, तर तो सौदा अन्यायाचा नव्हे. पण ती खोली कोणती, आणि किल्ली कोणाकडे, हें खरेदीखतांत स्पष्ट लिहिलेलें असलें पाहिजे. तेवढा आग्रह धरणें हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि संस्थेचा पैसा सांभाळणाऱ्याचें तें कर्तव्यही आहे.