३०२ चेतापेशी आणि एक सूर्यनमस्कार

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर आणि मेंदू’ असा विषय दिला आहे. एवढा डोंगर वीस मिनिटांत चढणं मला झेपणारं नाही. म्हणून मी त्यातलं एकच धरते. शरीर हलवणं हा मेंदूचा सगळ्यात अवघड हिशेब आहे, आणि तो कॉम्प्युटरवर मांडताना शास्त्रज्ञांची अजून दमछाक होते आहे. हे औंधात बोलायला बरं वाटतं, कारण हालचालीकडे इतक्या गंभीरपणे पाहणारा राजा या गावाला लाभला. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले, त्यावर पुस्तक लिहिलं. १९३८ साली लंडनला निघालेल्या इंग्रजी पुस्तकाचं नाव ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’. बाहेर सगळीकडे बारा अंक मोजतात. औंधचा नमस्कार दहाचा, हे मी पुण्यात अजून भांडून सांगते.

नमस्कारात एक पाय मागे नेतो, तो क्षण बघा. पाय उचलण्याच्या आधीच अंगाचा भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो. तसंच उभं राहून हात झटकन पुढे उचला. खांद्याचा स्नायू कामाला लागण्याच्या जराशी आधी मांडीच्या मागचे स्नायू ताठ झालेले असतात, नाहीतर हाताच्या हिसक्याने तोल जाईल. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि आपण ते करतो हेही आपल्याला माहीत नसतं.

हे आधीच का करावं लागतं? कारण शरीरात निरोप पोचायला वेळ लागतो. ठेच लागते तेव्हा आठवून बघा. लागलं हे लगेच कळतं, ‘आता कळ येणार’ हेही कळतं, आणि मग खरोखर कळ येते. स्पर्शाचा निरोप नेणारे जाड तंतू सेकंदाला पन्नास-साठ मीटरच्या वेगाने धावतात. ती मागून येणारी ठणक नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. म्हणजे वेगवान निरोपालाही पायापासून मेंदूपर्यंत जाऊन परत यायला, आणि मग स्नायूला जोर धरायला, वेळ हा जातोच.

उशिरा मिळालेल्या माहितीवर कारभार केला की काय होतं, ते आपल्यातल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. वेग वाढला की तो तेल कमी करतो, वेग उतरला की वाढवतो. पण गव्हर्नर अडकून चालायला लागला, की त्याचं उत्तर उशिरा येतं आणि इंजिनाचा आवाज वर-खाली, वर-खाली होत राहतो. (१९१० साली किर्लोस्करवाडीला जागा आपल्याच संस्थानाने दिली, तेव्हा इंजिनाचं उदाहरण घ्यायचा आपला हक्क आहे.) नुसत्या फीडबॅकवर चाललो असतो, तर आपणही त्या इंजिनासारखे सतत झुलत राहिलो असतो.

म्हणून मेंदू अंदाज बांधतो. मूळपीठाच्या पायऱ्या गप्पा मारत उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकलं आणि ती नसली, की मणक्यापर्यंत हादरा बसतो. जमीन तर सपाट होती! चुकला तो अंदाज. दहावीला आपण ज्याचं नाव फक्त आकृतीत लिहून मार्क मिळवले, त्या अनुमस्तिष्काचा या अंदाजाच्या कामात मोठा वाटा आहे.

हे सगळं गणितात बसवायची सुरुवात जुनी आहे. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माखली-नळ जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून, त्यातून वीज कशी सरकते याची समीकरणं लिहिली. ती हक्सलींनी हाताने फिरवायच्या हिशेबयंत्रावर सोडवली. आज माझ्या लॅपटॉपवर तोच हिशेब पापणी लवायच्या आत होतो. मग वाटतं, एका पेशीचं जमलं, आता सगळ्या पेशी जोडल्या की झाला प्राणी तयार.

इथेच घोडं अडलं.

डाळिंबवाल्यांना सूत्रकृमी चांगलेच माहीत आहेत. त्यांचाच एक निरुपद्रवी भाऊबंद आहे, सीनोरॅब्डायटिस एलिगन्स. लांबी सुमारे १ मिलिमीटर. त्याच्या शरीरात ३०२ चेतापेशी असतात. कोणती कोणाला जोडलेली आहे, याचा नकाशा १९८६ सालीच छापून झाला. स्नायू मोजलेले, जोडण्या मोजलेल्या. २०११ पासून ‘ओपनवर्म’ नावाच्या प्रकल्पात जगभरातले लोक हा कृमी कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा प्रयत्न करताहेत. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. मी नोकरीत वेगळंच सॉफ्टवेअर लिहिते, पण रविवारी हा कोड उघडून बसते. पडद्यावरचा कृमी वळवळतो खरा. पण खाणं शोधणारा, घाबरून मागे सरणारा, शिकणारा पुरा कृमी अजून झालेला नाही. आणि २०२४ मध्ये तर फळमाशीच्या मेंदूचा, सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा, नकाशा आला. नकाशे मिळताहेत, प्राणी मिळत नाही.

का? एक कारण खेकड्यांच्या पोटात सापडलं. त्यांचं अन्न दळणारे स्नायू सुमारे तीस चेतापेशी चालवतात. त्याच जोडण्या, पण रक्तातून वेगळं रसायन आलं की ठेका बदलतो. शिवाय २००४ साली प्रिन्झ, बुखर आणि मार्डर यांनी या जाळ्यातल्या तीन पेशींच्या मॉडेलचे २ कोटींहून जास्त नमुने कॉम्प्युटरवर चालवून पाहिले. आत अगदी वेगवेगळी मापं असलेल्या लाखो नमुन्यांतून जवळजवळ तोच ठेका निघाला. सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचत नाही. आम्हाला एक बरोबर उत्तर हवं असतं.

दुसरं कारण मला जास्त आवडतं, ते म्हणजे शरीर. बंगळुरूच्या एनसीबीएसमधले संजय साने यांनी सहकाऱ्यांसोबत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पतंगाच्या मिशांचा पुढचा भाग कापला, तर तो धड उडू शकेना, आपटायला लागला. तोच तुकडा परत चिकटवला, तर पुन्हा नीट उडू लागला. डिंकाने काही चेतातंतू जुळत नाहीत. त्या तुकड्याचं नुसतं वजन हवं होतं, म्हणजे मिशीच्या मुळाशी असलेल्या संवेदकांना उडताना होणारी हालचाल कळते. मेंदूचा नकाशा कितीही बारीक काढा, मिशीचं वजन त्यात येणार नाही.

१९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइनने हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून चित्रण केलं. खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडं वेगळं फिरत होतं, तरी हातोडा मात्र जिथे पडायचा तिथेच पडत होता. म्हणजे कारागीर पाठ केलेली हालचाल पुन्हा करत नाही, दर वेळी नव्याने जुळवून घेतो. भाकरी थापणारी बाई हेच करते. ज्वारीचं पीठ जुनं झालं, विरी गेली, की हात आपोआप हलका पडतो, पाणी जास्त गरम घेतलं जातं. बुद्धिबळात कॉम्प्युटरने १९९७ साली कास्पारोव्हला हरवलं. अनोळखी घरात जाऊन, तिथल्या डब्यातल्या पिठाची भाकरी थापणारं यंत्र मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता जरा आपल्या वर्गाबद्दल बोलते. ‘हुशार’ हा शब्द आपल्याकडे गणिताच्या मार्कांसाठी राखून ठेवलेला होता. बऱ्याच शाळांत अजूनही दहावीचं वर्ष आलं की खेळाचा तास गणिताला जातो. या मांडवात वेल्डिंगचं दुकान चालवणारा, ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट चिंचोळ्या बांधावरून मागे घेणारा, आखाड्यात नाव काढलेला, असे सगळे बसलेत, आणि भाषणाला बोलावलं मला. माझ्या कामाचा बराच भाग यंत्र आज करून देतं, हे मी तुम्हाला रोजच्या अनुभवाने सांगते. दोन ट्रॉल्या मागे घेण्याचं गणित लिहून बघा कुणीतरी. मी प्रयत्न केलाय, दुसरी ट्रॉली आली की ते फार लवकर हाताबाहेर जातं. आणि ज्याचं बोट पकडून आपण दहा अंक मोजले, त्या कवायतीच्या सरांना आपण कधी ‘अवघड विषय शिकवणारे सर’ म्हटलं नाही. तो विषय अवघड होता, सर.

मुलांपैकी कुणाला यात पडायचं असेल तर परदेशीच जावं लागतं असं नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी चेतापेशींची गणिती मॉडेल्स करतात. मुंबईला टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा याच १ मिलिमीटरच्या कृमीवर काम करते. भौतिकशास्त्र, गणित, जीवशास्त्र, कुठल्याही दाराने आत जाता येतं.

शाळेच्या संगणक कक्षातल्या एका यंत्रावर मी काल संध्याकाळी ओपनवर्मचा कृमी चालू करून ठेवलाय. शेजारी सूक्ष्मदर्शक आहे आणि बशीत शेणखताची ओली माती. मातीतले कृमी आधी बघा, मग पडद्यावरचा. चहा झाला की नववीची मुलं दाखवतील. त्यांना माझ्यापेक्षा लवकर सापडले.