बाहेरचे जेवण आणि वाढणारे हात



या व्यासपीठावरून वेदान्त, विज्ञान, साहित्य यांवर विद्वान मंडळी बोलतात. आमचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आम्ही आमच्या आवाक्यातला विषय घेतला आहे: हॉटेलातले जेवण. विषय हलका वाटेल. पण पोटाचा विषय कधी हलका नसतो.

आपले पिंपळगाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. ट्रकवाला इथे थांबतो, टोमॅटो-कांदा बाजारात उतरवून शेतकरी इथेच चार घास खातो. पलीकडे नाशिक हे जुने क्षेत्र. मोड आलेल्या मटकीची मिसळ, वर झणझणीत रस्सा, शेव, कांदा आणि सोबत पाव. तिच्यासाठी लोक रविवारी सहकुटुंब मोटारी काढतात. पूर्वी बाहेर खाणे कमीपणाचे मानीत. मग ती गरज झाली, आता हौस झाली आहे. हौसेला आमचा विरोध नाही. किंबहुना हॉटेलच्या बाकाने या देशात एक मोठे काम केले आहे, ते आधी सांगतो.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. देवळाचे दार बंद होते त्या काळात चहाच्या दुकानातही पुष्कळांचा कप वेगळा, आणि बसणे बाहेर. १९५० मध्ये अमलात आलेल्या घटनेच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहांत मज्जाव करता येणार नाही असे ठरवले. १९५५ च्या कायद्याने मज्जाव करणाऱ्याला शिक्षाही सांगितली. आज शेजारी कोण बसला आहे हे न विचारता आपण मिसळ खातो. ही सवय आपोआप लागलेली नाही. तिच्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

परंतु बाकाच्या या बाजूला समता आली, म्हणजे त्या बाजूलाही आली असे नव्हे. वाढणारा कोण?

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा कामगार खाणावळीत जेवे. खाणावळ चालवणारी बाई पहाटेपासून चुलीपुढे. कामगार महिन्याने पैसे देई, तोवर वाणसामान उधारीवर आणि कर्ज सावकाराचे. संप झाला की कामगाराचा पगार बंद. पण बाईला त्याचे ताट बंद करवत नसे. संपाचा अर्धा भार तिने वाहिला आणि तिचे नाव कोणत्याही मागणीपत्रात नव्हते. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी हे ओळखले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. दया मागितली नाही, पत मिळवली. आम्हाला यात फार मोठा धडा दिसतो.

आता हॉटेलातला पोऱ्या पाहा. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्यास बंदी आली. चांगले झाले. पण मोठ्या वाढप्याचे, आचाऱ्याचे काय? किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच झाला होता. परंतु दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांना राज्याच्या २०१७ च्या कायद्याने बहुतेक कलमांतून मोकळे ठेवले. रस्त्यावरच्या ढाब्यात माणसे असतात चार-पाच! म्हणजे ज्याला आधाराची गरज अधिक, तोच छपराबाहेर.

मालकही पुष्कळदा कालचा वाढपीच असतो, भाडे आणि गॅस त्यालाही चुकत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून भांडण माणसाशी नाही, हिशोबाशी आहे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द ज्या फ्रान्सने जगाला दिला, तिथे दरातच वाढप्याचा मोबदला धरलेला असतो. तो गिऱ्हाइकाच्या लहरीवर सोडलेला नाही. आपल्याकडे मात्र बशीत उरलेल्या सुट्ट्या पैशांना आपण उदारपणा म्हणतो.

पुढच्या वेळी मिसळ खाल तेव्हा वाढप्याला तीन गोष्टी विचारा. कामाला किती वाजता आलास? आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? आणि तू जेवलास का? उत्तर ऐकून गल्ल्यावर दोन शब्द बोला. गिऱ्हाइकाचा शब्द मालक आमच्यापेक्षा लवकर ऐकतो, हा आमचा अनुभव आहे. मिसळीला दोन रुपये जास्त पडले तर कुरकुर करू नका. ते रुपये वाढप्याच्या हाती पडतात की नाही एवढे मात्र पाहा.