दप्तर कोणाचे?

(कसबा बावडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी याच कसबा बावड्यात झाला. १९१८ साली महाराजांनी संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. जमिनीची नोंद वंशपरंपरेने एकाच घराच्या हाती, आणि ती वाचून दाखविणाराही तोच. मग रयतेने चूक दाखवावी कशी? महाराजांनी दप्तर वतनातून काढून जबाबदार नोकराकडे सोपविले. संस्थांच्या दप्तरात आज जनरेटिव्ह एआय, म्हणजे मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, शिरू पाहत असताना या निर्णयाचे स्मरण अगत्याचे आहे.

प्रश्न दूरचा नाही. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना याच गावात आहे. कोणत्याही साखर कारखान्याचे दप्तर घ्या: सभासदांची नोंदवही, ऊसनोंद, काटापावत्या, तोडणी-वाहतुकीची बिले, सभांची इतिवृत्ते. केंद्र सरकारने २०२२ साली ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावच्या सोसायटीचे हिशेबही त्यामुळे संगणकावर येत आहेत. या ढिगातून सभासदाच्या प्रश्नाला साध्या मराठीत तत्काळ उत्तर मिळत असेल, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही.

परंतु हे यंत्र शब्दामागून संभवनीय शब्द मांडत जाते. कागदात उत्तर नसले तरी ते खरे भासणारे उत्तर रचू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरील प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधारादाखल दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले निष्कर्ष पडताळल्याखेरीज वापरू नयेत, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले.

कंपनीला उच्च न्यायालय गाठता आले. दोन एकरांच्या ऊस उत्पादकाचे काय? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. यंत्राने ऊस पोचल्याची तारीख चुकीची सांगितली आणि मूळ काटापावती कोणी पाहिलीच नाही, तर त्याचे व्याज बुडाले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला नोंदवही, इतिवृत्त, ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. सरकारचे भरीव नियंत्रण वा अर्थसाहाय्य नसलेल्या सहकारी संस्थांना माहिती अधिकार कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. त्यामुळे या कलमाचे मोल वाढले आहे. ‘यंत्राला विचारा’ एवढे सांगून सभासदाची बोळवण करणे म्हणजे हा हक्क हिरावून घेणे होय.

म्हणून यंत्र येण्यापूर्वीच अटी ठरल्या पाहिजेत. प्रत्येक उत्तरासोबत मूळ कागद दिसला पाहिजे. उत्तराची जबाबदारी नाव असलेल्या कर्मचाऱ्याची असली पाहिजे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने गोपनीयतेस्तव जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नका असे कळविले होते; तेव्हा सभासदांचे कागद परक्या कंपनीच्या हवाली करण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेखेरीज कोणी घेऊ नये. आणि वाचलेला वेळ कारकुनांच्या कपातीसाठी न वापरता नोंदींच्या पडताळणीसाठी वापरला जावा.

येत्या वार्षिक सभेत कार्यकर्त्यांनी हे चारही मुद्दे लेखी मांडावेत, आणि त्यांची नोंद इतिवृत्तात झाली की नाही हे स्वतः वाचून पाहावे.