दृष्टिहीन जलतरणपटूचे सुवर्ण



नागपूरच्या संविधान चौकाला आपण अजूनही आरबीआय चौकच म्हणतो. त्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीने डिसेंबर 2017 मध्ये मेक्सिको सिटीत, जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर वैयक्तिक मिडलेचे सुवर्णपदक पटकावले. तिचे नाव कांचनमाला पांडे. मूळची अमरावतीची, दृष्टिहीन.

मिडले म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल, चारही प्रकार एकाच शर्यतीत, प्रत्येकी 50 मीटर. कांचनमालाच्या, म्हणजे दृष्टिहीनांच्या, गटात सगळ्यांनाच काळे केलेले गॉगल घालावे लागतात. कुणाला किंचित दिसत असेल, तर तेवढाही फायदा नको. मग भिंत आली हे कळते कसे? तलावाच्या दोन्ही टोकांना टॅपर उभा असतो. त्याच्या हातात लांब काठी, टोकाला मऊ गोळा. नेमक्या क्षणी तो पोहणाऱ्याच्या अंगावर थाप देतो. लवकर दिली तर वेग मरतो, उशिरा दिली तर डोके भिंतीवर आपटते. बटरफ्लायमध्ये तर दोन्ही हात एकदम पुढे फेकायचे. जरा वाकडे गेले की लेनच्या दोरीवर आदळलेच. डोळसांनाही जिथे दम लागतो, तिथे ही पोरगी जगात पहिली आली.

आणि हे सहजी झाले नाही. त्याच वर्षी जुलैत बर्लिनच्या स्पर्धेसाठी सरकारने मंजूर केलेला पैसा वेळेवर तिच्या हाती पडला नाही. परक्या देशात उसनवारी करून दिवस काढावे लागले. तशातही तिने रौप्यपदक मिळवले आणि जागतिक स्पर्धेची पात्रता गाठली. पैशाच्या या दिरंगाईवर ऑलिंपिक विजेता नेमबाज अभिनव बिंद्राने जाहीर नाराजी व्यक्त केली, मग दिल्लीत खुलासे मागवले गेले. पुढे सप्टेंबरात मेक्सिकोत भूकंप झाला आणि स्पर्धा दोन महिने लांबली. एका तारखेसाठी घडवलेली शरीराची तयारी पुन्हा नव्याने बांधायची, हा ताण खेळाडूच जाणे.

आपल्याकडे हार-तुऱ्यांना कधी टंचाई नसते. टंचाई असते ती स्पर्धेआधीच्या तिकिटाची. आणि दृष्टिहीन जलतरणपटूला एकटीचे तिकीट पुरत नाही, सोबत्याचेही लागते, हे हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

अर्थात, हार-तुरेही प्रत्येकाला वेळेवर मिळतात असे नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले. त्यांना पद्मश्री जाहीर झाली 2018 च्या जानेवारीत; कांचनमालाच्या सुवर्णाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. अर्जुन पुरस्कार त्याहून उशिरा, त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट येऊन गेल्यावर. त्या मानाने कांचनमालाचे नाव लवकर लोकांच्या तोंडी आले. मात्र तिच्या सुवर्णाआधी तिची बर्लिनमधली परवडच घरोघर पोचली होती.