कर्जवहीतला ‘दवाखाना’
(प्रभागसंघाच्या सभेतील भाषण)



मागे एका गटाची कर्जवही बघत होते. कारणाच्या रकान्यात बियाणं, शाळेची फी आणि सारखं ‘दवाखाना’. एका मावशींनी बीपीच्या गोळ्यांसाठी दोनदा अंतर्गत कर्ज उचललेलं. मी विचारलं, "उपकेंद्रात का नाही गेल्या?" त्या म्हणाल्या, "तिथं गोळ्या मिळतात, हे सांगितलं कोणी?" सांगायचं काम माझंच होतं. म्हणून आज सांगते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. पीएचसी असो की ग्रामीण रुग्णालय. जळगाव-धुळ्याची मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं आधी विचारून घ्या.

शहरात फॅमिली डॉक्टर असतो. आपल्याला तो उपकेंद्रात आणि पीएचसीतच मिळायला हवा. नियमाने ३०,००० लोकांमागे एक पीएचसी, आदिवासी भागात २०,००० मागे. पण डॉक्टर नाहीत, गोळ्या संपल्या, तर? गुपचूप घरी येऊ नका. तारीख लिहून ठेवा, ग्रामसभेत बोला. राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्चावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय. साबण घेतला तरी आपण कर भरतो ना? मग हे फुकट मागणं नाही, हक्काचं आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने वही उघडून ‘दवाखाना’ किती वेळा आला ते मोजा. तो आकडा घेऊन आपण सगळ्या मिळून वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटू.