चरीच्या वाटेवर स्वागत



स्वागताध्यक्षाने आपल्या भूमीची थोरवी गावी असा प्रघात आहे, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून आंग्र्यांच्या आरमाराचे गुणवर्णन करणे काही कठीण नव्हते. परंतु व्यक्तीची आत्मजाणीव आणि समाजजीवन यांचा विचार करावयास जमलेल्या परिषदेने प्रथम जवळच्या चरी गावाकडे पाहावे, असे मला वाटते.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तेथे जमलेल्या कुळांनी खोतांची, म्हणजे जमीनमालकांची, शेते न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत पाळला. खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून ज्यांच्या वाडवडिलांनी ती जमीन पिकाऊ केली, ते मक्ता, वेठ आणि कर्जाचे व्याज चुकते करून उरेल तेवढ्यावर गुजराण करीत, आणि तेच आपले प्राक्तन मानीत. निर्धार सभेत झाला हे खरे. पण घरात दाणा नसताना, लाकूडफाटा विकून दिवस काढताना, नांगराला हात न लावण्याचा निश्चय ज्या त्या कुळाला रोज नव्याने आणि एकट्यानेच करावा लागत असला पाहिजे. त्या सभेच्या आधी सहा वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, याच जिल्ह्यातील महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांची परीक्षाही याच जातीची होती. आणि त्यांचे नेते डॉ. आंबेडकर यांनीच १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, हा योगायोग खचित नव्हे.

व्यक्ती जागी झाली की समाज विस्कटतो, असे म्हणणाऱ्या पंडितांनी हा खारेपाट पाहिलेला नसावा. तथापि यजमानाने घरातील उणेही झाकू नये. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव लागलेला शेतकरी आज मुंबईकराच्या बंगल्यासाठी जमिनीचे खरेदीखत एकट्याच्या मर्जीने करून देतो. कायद्याने तो त्याचा हक्कच आहे, आणि त्याच्या आजोबांनी उपास काढले ते अशाच हक्कासाठी. मात्र उधाणाने बांध फुटला म्हणजे तो बांधावयास सारा गाव लागतो, आणि गाव आता पूर्वीसारखा जमत नाही.

या पेचाचा ऊहापोह आपण करालच. उद्या सकाळी चरीस जाण्याची व्यवस्था स्वागत समितीने केली आहे. वाटेत बांधही पाहावयास मिळतील. आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करतो.