किडा दिसला की आधी बघायचं!

पाटण खोऱ्यातल्या आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी किड्यांविषयी बोलणार आहोत. “शी, किडे कसले!” म्हणून रेडिओ बंद करू नका. हा विषय आपल्या परसातल्या भोपळ्याचाच आहे.

भोपळ्याच्या वेलाला नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे इवलासा भोपळा असतो. नर फुलाचे पराग तिथवर पोचले नाहीत, तर तो पिवळा पडून गळतो. दोडक्याचंही तसंच. हे पराग नेण्याचं मोठं काम मधमाशीचं. डोंगरउतारावरच्या कारळ्यालाही तीच लागते. म्हणजे मोहोळ दिसलं की चूड पेटवायची, यात आपलीच भाजी जाते आणि आपलंच तेल जातं.

मग भीतीचं काय? ती काही खोटी नाही. आग्या मोहोळ उठलं तर जिवावर बेततं. त्याच्यापासून लांब राहायचं; तिथं धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. माशी चावलीच, तर काटा नखानं खरवडून लगेच काढायचा. ओठ सुजले, धाप लागली, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

पण सगळ्या माश्या आग्या नसतात. झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी त्या मानानं शांत. ती पेटीत पाळता येते. पेटीतल्या कामकरी माश्या सगळ्या माद्याच. नराला नांगीसुद्धा नसते! आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. गटातल्या कुणाला पेटी ठेवायची असेल, तर आधी तिथं चौकशी करून शिकून घ्यावं.

आता किळस. पावट्याच्या शेंड्यावर मावा पडतो. तिथंच एक काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसते, सुसरीच्या पिल्लासारखी. बघितली की अंगावर काटा येतो आणि आपण ती चिरडतो. ती ढालकिड्याची अळी. ती पानं खात नाही, मावा खाते! पुढं तिचाच तो लाल, ठिपक्यांचा गोल किडा होतो, जो पोरं हौसेनं हातावर घेतात. आपण औषध फवारलं की माव्याबरोबर तीही मरते, आणि मावा पुन्हा वाढला की त्याला खाणारं कुणी उरत नाही. म्हणून फवारण्याआधी पान उलटून बघावं. फवारावंच लागलं, तर फुलांवर माश्या असताना नको, संध्याकाळी करावं.

डास, झुरळं यांच्यावर माया करा, असं आम्ही म्हणत नाही. पण कोण आपलं, कोण परकं, हे ओळखायला तर हवं! लहान लेकरू किड्याला भितं, ते पुष्कळदा आपलं किंचाळणं ऐकून. त्याच्यादेखत पायाखाली घेण्याऐवजी म्हणावं, “थांब, बघू तरी कोण आलंय.”

पुढच्या बैठकीला एक काम करा. पावट्याच्या शेंड्यावरचा एक किडा भोकं पाडलेल्या झाकणाच्या काचेच्या बरणीत आणा. सगळ्यांनी तो निरखा, तो काय खातो हे विचारा आणि बैठक संपली की जिथून आणला तिथं सोडा. पहिल्यांदा लांबून बघा, दुसऱ्यांदा जवळून. ओळख वाढली की भीती आपोआप कमी होते.

येतो आम्ही. नमस्कार!